विहीणबाईंची टिटवी

मास्तरांचा उजवा पाय मास्तरांच्या ऐकण्यात नव्हता.

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या सीटखाली एक जादा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गोंधळला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. मास्तरांचं अर्धं आयुष्य हा ब्रेक दाबण्यात गेलं होतं. त्यामुळे झालं असं, की काळजात जरा धस्स झालं की पाय आपोआप खाली जायचा; मग खाली ब्रेक असो, फरशी असो, नाहीतर दुसऱ्याचं पाऊल असो. लेकीच्या लग्नात नवरा-नवरी सही करायला वाकले, मास्तरांना भरून आलं आणि त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मेव्हण्याच्या नव्या बुटावर असा काही पाय हाणला, की त्या फोटोत सगळे हसताहेत आणि मेव्हणा एकटाच कळवळतोय.

एरवी या पायाचं कुणाला काही वाटलं नसतं. पण त्याच मेव्हण्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना, लांब भिंगासकट, मास्तरांच्या गळ्यात घातला. मास्तरांना पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड लागलं. साधंसुधं नाही, झोपेतून उठवणारं वेड. सकाळी पहिला विद्यार्थी यायच्या आत ते ओढ्याकाठी जाऊन बसायचे. खंड्या यायचा, फांदीवर बसायचा, पाण्याकडे मान वाकडी करून बघायचा. मास्तर श्वास रोखायचे. भिंगातून त्याची निळी पाठ लख्ख दिसायला लागायची आणि मास्तरांच्या मनात ‘आता!’ असं उमटलं रे उमटलं, की पाय धप्पकन जमिनीवर आपटायचा. खंड्या पसार.

घरी ते फोटो दाखवायचे. फोटोत एक फांदी असायची, बहुधा हलत असलेली.

“इथे होता बघ,” ते बायकोला बोट लावून दाखवायचे.

“सुंदर आलीय हो फांदी,” बायको म्हणायची आणि पुन्हा कणीक मळायला लागायची.

लेक रोज संध्याकाळी फोन करायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. “बाबा, आज कुठला पक्षी गेला?”

मास्तर मनाला लावून घेणाऱ्यातले नव्हते. एक ना एक दिवस पक्षी फोटोत येईल, अशी त्यांची खात्री होती. ही खात्री कशावरून, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नसतं.

अशात एक दिवस विहीणबाई गाडी शिकायला आल्या.

विहीणबाई म्हणजे लेकीच्या सासूबाई. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. लाइन लागत नाही म्हणून खवळलेल्या माणसांना त्या वर्षानुवर्षं मधासारख्या आवाजात “कृपया थांबा” म्हणत आल्या होत्या. यजमानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, त्यांचं गाडी चालवणं बंद पडलं, गाडी दारात धूळ खात उभी राहिली. एक दिवस विहीणबाईंनी तिच्यावरची धूळ फडक्याने पुसली आणि घरात येऊन जाहीर केलं, “मी शिकणार.”

“दुसरीकडे जायचं म्हटलं तर बरं दिसत नाही,” त्या मास्तरांना म्हणाल्या. “लोक म्हणतील, घरचा क्लास असून बाहेर गेली.”

मास्तर पेचात पडले. कारण मास्तरांची शिकवण्याची पद्धत म्हणजे ओरडणं. “क्लच! अहो क्लच! क्लच म्हणजे डावा! तुमचा डावा, माझा नव्हे!” हे त्यांचं वाक्य मैदानाबाहेरच्या चहावाल्याला पाठ होतं. पण व्याह्यांच्या घरच्या बाईवर ओरडायचं कसं? बायकोने तर आदल्या रात्रीच दम भरला होता. “आवाज एक सूत वर गेला तर याद राखा. पोरगी त्या घरात आहे आपली.”

तेव्हा मास्तर पहिल्या दिवसापासून अशी शिकवणी करायला लागले, “विहीणबाई, आपल्या सोयीने, घाई काही नाही, पण जमलं तर ब्रेक… म्हणजे समोर भिंत आली आहे, एवढंच.”

तिसऱ्याच दिवशी विहीणबाईंनी गाडी थांबवली आणि त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “हे पाहा, घरी तुम्ही व्याही. गाडीत तुम्ही मास्तर. ओरडायचं असेल तर खुशाल ओरडा. मी टेलिफोनवर जे ऐकलंय, त्यापुढे तुमचं काहीच नाही.”

मास्तरांना हायसं वाटलं. गंमत म्हणजे, ओरडायची वेळच फारशी यायची नाही. विहीणबाई गाडी इतकी हळू चालवायच्या, की काही बिघडायच्या आत विचार करायला मुबलक वेळ मिळायचा. पहिला गिअर, अर्धा क्लच आणि गाडी अशी सरकायची की बोनेटवर पेला ठेवला असता तर पाणी हललं नसतं.

शिकवायची जागा म्हणजे बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचं मागचं मैदान. खडी, माती आणि सगळीकडे फुटक्या कौलांचे तुकडे. एका कडेला गाड्या धुवायचा नळ होता आणि त्याच्याखाली कायमचं डबकं. मास्तरांनी लाल प्लास्टिकचे कोन मांडून तिथे वळणं, आठचा आकडा, गाडी मागे घ्यायची गल्ली, सगळा संसार थाटला होता.

त्या दिवशी विहीणबाई गाडी मागे घ्यायला शिकत होत्या. मास्तर मान वळवून मागच्या काचेतून बघत होते. एकाएकी गाडीमागे कुणीतरी कर्कश किंचाळायला लागलं. “टिटिटिव! टिटिटिव!” आणि मास्तरांचा पाय हलायच्या आत, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, गाडी थांबली. ब्रेक विहीणबाईंनी मारला होता.

“कोण ओरडतंय?” त्या म्हणाल्या. “कुणाचं तरी काहीतरी झालंय.”

मास्तर खाली उतरले. काळ्या डोक्याची, पिवळ्या लांब पायांची टिटवी. डोळ्यांपुढची कातडी लाल चुटूक. ती एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरपटत त्यांच्यापासून लांब लांब पळत होती आणि मागे वळून बघत होती, येताय ना माझ्यामागे? मास्तरांनी पक्ष्यांवरची पुस्तकं वाचली होती. त्यांना कळलं, की हे नाटक आहे आणि टिटवीबाई आपल्याला इथून हलवू बघताहेत. त्यांनी पाय जागचा न हलवता खाली पाहिलं. आधी खडीच दिसली. मग कौलांचे तुकडे. मग त्या तुकड्यांतल्या चार तुकड्यांना गोलाई आली. मातकट, काळे डाग असलेली चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. आणि गाडीचं मागचं चाक त्यांच्यापासून वीतभर.

“विहीणबाई,” मास्तर अगदी हळू आवाजात म्हणाले, “आता पुढे घ्या. सरळ. तुम्ही घेता तशीच.”

त्याच संध्याकाळी मास्तरांनी मैदानाची वाटणी केली. अर्धं मैदान टिटवीचं. तिच्या घरट्याभोवती लांबवर कोन उभे राहिले आणि विद्यार्थ्यांना सक्त ताकीद मिळाली, की पलीकडे जो जाईल त्याला आठचा आकडा रात्री स्वप्नात काढायला लावीन. आठचा आकडा उरलेल्या जागेत इतका चेंगरला, की तो आता तीनसारखा दिसायला लागला. कुणी कुरकुरलं नाही. उलट येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, “बसलीय ना हो?”

मास्तरांना मात्र चैन पडेना. घरटं दारात आलंय आणि फोटो नाही! ते कॅमेरा घेऊन चालत जायचे. टिटवी दुरूनच उठायची आणि सगळं मैदान डोक्यावर घ्यायची. ते झुडपामागे लपायचे. ती बरोबर त्या झुडपावर येऊन शिव्या द्यायची. पोटावर सरपटून पाहिलं, तर ढोपरं सोलवटली आणि बायकोने शर्ट बघून दिवसभर अबोला धरला.

एक गोष्ट मात्र मास्तरांच्या ध्यानात आली. चालत गेलं की टिटवी उडते, पण गाड्या जवळून गेल्या तर ती जागची हलत नाही. दिवसभर समोर गाड्याच गाड्या बघून तिने त्यांना बहुधा गुराढोरांत धरलं असावं. माणूस नको, गाडी चालेल. मग गाडीतूनच फोटो काढावा. पण गाडी हवी हळू. गचके न देणारी, एकदम बंद न पडणारी, गोगलगाईने ‘पुढे व्हा’ म्हणावं इतकी हळू. अशी गाडी अख्ख्या क्लासमध्ये एकच व्यक्ती चालवत होती.

“मला जमेल?” विहीणबाई म्हणाल्या.

“तुम्हालाच जमेल,” मास्तर म्हणाले आणि हे त्यांनी व्याही म्हणून नाही, मास्तर म्हणून सांगितलं.

दुपारच्या उन्हात गाडी निघाली. विहीणबाईंनी स्टिअरिंग असं धरलं होतं जसं काही ताटभर दिवे घेऊन चालल्या आहेत. मास्तरांनी काच खाली केली, भिंग खिडकीवर टेकवलं. टिटवी बसल्या जागेवरून गाडीकडे बघत राहिली, उठली नाही. जवळ. आणखी जवळ. तिच्या डोळ्याभोवतीचं लाल कडं दिसायला लागलं. मास्तरांच्या मनात ‘आता!’ उमटलं… आणि पाय गेला खाली. या खेपेला खाली खरोखरचा ब्रेक होता. गाडी गचकन थांबली, भिंग खिडकीच्या चौकटीवर आपटलं आणि फोटोत आलं आकाश.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

विहीणबाईंनी इंजिन बंद केलं. “मास्तर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा.”

“तुमच्या पायाला काही दुखणं आहे का?”

मास्तरांनी मग सगळं सांगितलं. खंड्या, फांद्या, मेव्हण्याचा बूट. विहीणबाई हसल्या नाहीत. टेलिफोनवर तक्रार ऐकावी तशा शांतपणे त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग पाय वर घ्या.”

“म्हणजे?”

“मांडी घाला. सीटवर. पाय खाली राहिलाच नाही तर आपटणार कुठून?”

मास्तरांनी खाली ब्रेककडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या सीटवर बसून त्यांचा पाय ब्रेकपासून चार बोटंसुद्धा लांब गेला नव्हता. शिकाऊ माणसाच्या हातात गाडी आहे आणि आपण मांडी घालून बसलोय! हे म्हणजे झाडाच्या शेंड्यावर जाऊन दोन्ही हात सोडण्यापैकी होतं. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या, हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही.

मास्तरांनी चपला काढल्या. आधी डावा पाय वर घेतला. मग बऱ्याच वेळाने उजवा. गुडघा गिअरला लागला, तो त्यांनी आवरून घेतला.

“बसलात नीट?”

“बसलो.”

गाडी निघाली. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. पण गाडी सरकत होती, कोनांच्या कडेने, ठरल्या जागी, ठरल्या अंतरावर येऊन अलगद थांबली. मास्तरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. घरट्यावर टिटवी नव्हती. अंडी उघडी, ऊन मी म्हणत होतं. मास्तर निराश होणार, तेवढ्यात विहीणबाई कुजबुजल्या, “नळाकडे बघा.”

टिटवी डबक्यात उभी होती. ती पाण्यात बसली, पोट घुसळलं, उठली, पुन्हा बसली. मग लगबगीने, लांब लांब ढांगा टाकत घरट्याकडे आली. पोटाची पांढरी पिसं भिजून चिंब झाली होती आणि चालताना त्यांतून थेंब गळत होते. ती अंड्यांवर वाकून उभी राहिली. एक थेंब एका अंड्यावर पडला. मग दुसरा. ती अंड्यांना गार करत होती.

मास्तरांच्या मनात ‘आता!’ उमटलं. मांडीत अडकलेला पाय एकदा थरथरला, पण जाणार कुठे? बोटाने आपलं काम केलं.

फोटो आला. चक्क आला. काळं डोकं, लाल कातडी, ओलं पोट आणि पोट व अंडं यांच्यामध्ये अधांतरी लोंबलेला एक थेंब, त्यात ऊन.

घरी बायकोने फोटो पाहिला आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. “अहो, हा तर पक्षी आहे!”

लेकीने सासरी तो सगळ्यांना दाखवला. मेव्हण्याने तर कहरच केला. आपल्या कॅमेऱ्याचं सार्थक झालं म्हणून त्याने तो फोटो गावातल्या पक्षी-छायाचित्रकारांच्या ग्रुपवर टाकला आणि मोठ्या हौसेने खाली जागेचा पत्ताही दिला.

रविवारी सकाळी मास्तर मैदानावर पोचले तर तिथे जत्रा. कॅमेऱ्यांच्या तिकाट्या उभ्या, दुधीभोपळ्याएवढी भिंगं, हिरव्या-मातकट टोप्या. मास्तरांचे कोन कुणीतरी उचलून भिंतीशी रचून ठेवले होते. एक जण पोटावर पालथा पडला होता. एक जण हात लांब करून घरट्याजवळचे कौलांचे तुकडे बाजूला करत होता, का तर अंडी स्वच्छ दिसत नव्हती.

“अहो, अहो!” म्हणत मास्तर धावले. पण तेवढ्यात मोठी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. “तो फोटो तुमचा? ओल्या पोटाचा? मला आजवर साधला नाही हो. काय नेमका टिपलात!”

झालं. मास्तर विरघळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या फोटोला कुणी परक्या माणसाने वाखाणलं होतं, तेही भोपळ्याएवढ्या भिंगाच्या मालकाने. ते लाजले, हसले, आणि स्वतःच्या नकळत सांगायला लागले, “ऊन पाठीशी घ्या म्हणजे डोळा चमकतो… इकडून या, इकडून…” टोपीवाल्या गृहस्थांनी मान डोलावली. आणखी दोघं-तिघं भोवती जमले. मास्तर रंगात आले.

विहीणबाई शिकवणीला आल्या तेव्हा त्यांना हे दिसलं. बाजूला उभ्या राहून, डोळे बारीक करून, त्या ऐकत राहिल्या. मग मास्तरांच्या जवळ आल्या.

“मास्तर, तिचा आवाज बदललाय.”

“कुणाचा?”

“टिटवीचा. मी जन्मभर ओरडणारी माणसं ऐकलीत. आधी माणूस चिडतं. मग रडकुंडीला येतं. मग गप्प होतं, आणि गप्प झालं की समजावं, त्याने आशा सोडली. ही आता गप्प व्हायच्या बेताला आली आहे.”

मास्तरांनी वर पाहिलं. टिटवी भिंतीवर बसली होती. मधूनच एकदा ओरडत होती, तेही बारीक. खाली अंड्यांवर ऊन चढत चाललं होतं आणि त्यांच्याभोवती माणसांचं कडं. या माणसांना इथे कुणी आणलं? मेव्हण्याने पत्ता दिला हे खरं, पण आत्ता, या घटकेला, ‘इकडून या’ कोण म्हणत होतं? मास्तरांचे कान गरम झाले.

“मंडळी,” ते ओरडले, “मागे व्हा! ती अंड्यांवर बसत नाहीये!”

“दोनच मिनिटं हो,” पालथा पडलेला म्हणाला.

“ती आली की एक फोटो घेतो आणि निघतोच,” दुसरा म्हणाला.

“तुम्ही इथे आहात तोवर ती येणारच नाही!”

कुणी हललं नाही. टोपीवाले काहीसे ओशाळले, पण त्यांचाही डोळा भिंगाला परत लागलाच. मास्तरांचा आवाज, ज्याने कितीतरी माणसांना क्लच दाबायला शिकवलं, तो त्या मैदानात वाया गेला.

मागे इंजिन सुरू झालं. विहीणबाई गाडीत बसल्या होत्या. “मास्तर, या. तास सुरू करू या.”

“आत्ता?”

“आत्ताच. आणि हो,” त्या म्हणाल्या, “मांडी घालून बसा.”

गाडी निघाली. पुढच्या काचेवर आणि मागे शिकाऊ चालकाची ठळक लाल पाटी. ती थेट तिकाट्यांच्या रांगेकडे सरकायला लागली. विहीणबाईंनी काच खाली केली आणि आपला तो मधाळ आवाज काढला.

“कृपया जरा मागे सरा. मी नवीन आहे. मला अजून सगळं जमत नाही.”

दोघं-तिघं वळले. पाटी दिसली. स्टिअरिंगमागे पांढऱ्या केसांची, गोड हसणारी बाई दिसली. त्यांनी तिकाट्या उचलल्या.

“अहो मास्तर!” एक जण ओरडला. “ब्रेक मारा ना तुमचा!”

मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “पाय मोकळे नाहीत हो!”

त्या माणसाने खिडकीतून आत पाहिलं. आत मास्तर, जेवायला बसल्यासारखे, सीटवर ऐसपैस मांडी ठोकून. त्याने जी धूम ठोकली ती थेट फाटकापर्यंत. पालथा पडलेला तर उठला कधी आणि पोचला कधी, हे कुणालाच दिसलं नाही. त्याची एक चप्पल तेवढी मैदानात राहिली. गाडीचा वेग मात्र बघण्यासारखा होता. तिला मुंगीनेसुद्धा मागे टाकलं असतं. पण शिकाऊ पाटीचा धाकच तसा असतो. विहीणबाईंनी गाडी घरटं आणि माणसं यांच्यामध्ये आडवी आणली, तसूभरही इकडे-तिकडे न होता उभी केली. कुणी वळसा घालून दुसऱ्या बाजूला जायला लागलं, की त्या पुन्हा गाडी सुरू करायच्या आणि म्हणायच्या, “कृपया थांबा हं, मी वळण शिकतेय.”

पहिल्यांदा हसले ते टोपीवाले. पोट धरून हसले. मग त्यांनी तिकाटी मिटली, खांद्यावर टाकली आणि बाकीच्यांना म्हणाले, “चला रे. बाई शहाण्या आहेत, आपणच शिकाऊ.” जाताना त्यांनी भिंतीशी रचलेले कोन आणून स्वतःच्या हाताने पुन्हा मांडले आणि गाडीजवळ येऊन मास्तरांना म्हणाले, “चुकलंच माझं. ग्रुपवर पत्ता काढून टाकायला सांगतो.”

मैदान रिकामं झालं. मास्तर आणि विहीणबाई गाडीतच बसून राहिले. भिंतीवरून टिटवी उतरली, थांबली, इकडे-तिकडे पाहिलं. मग नळाकडे गेली, पोट भिजवून आली आणि अंड्यांवर उभी राहिली. मास्तरांनी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नाही. त्यांना एवढंच वाटत होतं, की उशीर झालेला नसू दे.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांनीच जीव मुठीत धरून काढले. व्याही रोज फोन करायचे, स्वतःच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख विसरून टिटवीची चौकशी करायचे. लेक विचारायची, “बाबा, बसलीय?” बायको मैदानावर कधी फिरकली नव्हती, पण तीही मास्तर घरात शिरले की दारातच त्यांचं तोंड बघायची.

विहीणबाईंची परीक्षा याच दिवसांत झाली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी अर्धा रस्ता वाट पाहून विचारलं, “बाई, दुसरा गिअर टाकायचा विचार आहे का कधी?” विहीणबाई म्हणाल्या, “कृपया थांबा,” आणि टाकला. पास झाल्या.

आणि मग एका सकाळी फोन वाजला. फाटकावरचा चहावाला बोलत होता. “मास्तर, तुमच्या बाईंच्या मागे काहीतरी पळतंय.”

सगळे निघाले. विहीणबाईंनी गाडी चालवली, पुढे मास्तर, मागे बायको आणि व्याही. गाडी कोनांपाशी थांबली. खडीत काहीच दिसेना. मग टिटवीने बारीक आवाज दिला आणि तीन कौलांचे तुकडे उठून चालायला लागले. बोटभर लांबीच्या पायांवर लोकरीचे गोळे, अडखळत, पडत, पुन्हा उठत. एक अंडं तसंच राहिलं होतं. मास्तर त्याच्याकडेच बघत राहिले.

“तीन आहेत ना,” विहीणबाई म्हणाल्या. “तिघांकडे बघा.”

मास्तरांनी मांडी घातली, कॅमेरा उचलला आणि फोटोमागून फोटो काढायला लागले. मागून बायको पुढे वाकली.

“मला दिसत नाहीये नीट. द्या जरा.”

“थांब गं, एकच…”

“अहो, द्या म्हणते ना!”

मास्तरांनी कॅमेरा दिला. बायकोने तो डोळ्याला लावला आणि तोंडाचा आ केला. “अगंबाई! केवढाली पावलं! अहो, तो बघा, तो आईच्या पोटाखाली घुसतोय…” खट्. खट्. खट्. ती मागच्या खिडकीतून जवळजवळ बाहेर लोंबकळली होती. टिटवीच्या पिसांखालून तीन जोड्या पाय बाहेर आले होते आणि तिचे स्वतःचे दोन, म्हणजे बाई आठ पायांची दिसत होती. तो फोटो बायकोला मिळाला. मास्तरांना मिळाला नाही.

मग टिटवी पिल्लांना घेऊन डबक्याकडे निघाली, तिथून गवतात, आणि गवत हलायचं थांबलं.

“बरं, आणा इकडे,” मास्तरांनी हात मागे केला.

“कशाला?” कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालत बायको म्हणाली. “तुमचं झालं की काढून. विहीणबाई, ओढ्याकडे घेता का गाडी? तो खंड्या का काय म्हणतात, तो बसतो म्हणे तिथे.”

व्याह्यांनीही आपल्या बाजूची काच खाली केली. विहीणबाईंनी पहिला गिअर टाकला आणि गाडी ओढ्याच्या रस्त्याला लागली.